मातीतली हळद, वाऱ्यावरचा बेदाणा, राखेतलं सोनं

सांगली शहराला लागून, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर वसलंय. एकेकाळी या गावाच्या जमिनीखाली हळदीची अख्खी बाजारपेठ झाकून ठेवलेली असायची. वरून पाहिलं तर साधी मोकळी जागा. तिच्या पोटात शेकडो पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं अरुंद, खाली मात्र पोट फुगत गेलेलं, वीसेक फूट खोल. आत वीट नाही, सिमेंट नाही, पत्रा नाही. इथली मातीच अशी घट्ट आणि चिवट की खणलेली भिंत ढासळत नाही आणि ओल सहसा आत येत नाही. कडेनं वाळक्या पाल्याचं अस्तर द्यायचं, शिजवून वाळवलेली हळकुंडं ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. मग वर्ष जावं, दोन वर्षं जावीत. हळद आत तशीच राहायची, कीड न लागता.

हे होतं कसं, ते समजलं की थक्क व्हायला होतं. हळकुंडांबरोबर थोडीबहुत कीड आत जातेच. पण पेव बंद झालं की बाहेरची हवा बंद. आतले जीव श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, आणि शेवटी ती कीड स्वतःच्याच श्वासानं मरते. औषध नाही, धुरी नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरणार. विझली तर आणखी थांबायचं. आज धान्य साठवायला हवाबंद प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात, त्यांच्यामागचं शास्त्र अगदी हेच आहे.

शास्त्राइतकंच त्यामागचं अर्थकारणही विलक्षण आहे. हळद अक्षय्यतृतीयेच्या आसपास लावतात, आठ-नऊ महिने ती जमिनीत राहते आणि जानेवारी ते मार्चमध्ये निघते. सगळ्यांची एकदमच निघते. सगळ्यांनाच तेव्हा मजुरी भागवायची असते, उधारी फेडायची असते, घरात एखादं लग्न असतं. सगळे एकदम विकायला आले की भाव पडतो. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो. २०२३ च्या वसंतात ज्यांनी हळद विकली आणि ज्यांनी ती पावसाळ्यापर्यंत ठेवली, त्यांच्या हाती आलेल्या रकमेत दुपटीहून अधिक फरक होता. माल तोच, शेत तेच, फक्त मधले काही महिने. पेवानं सांगलीला हे महिने मिळवून दिले. माल पेवातच राहायचा आणि मालकी हातोहात फिरायची. हळद अजून जमिनीत असताना तिच्या पुढच्या भावाचे सौदे व्हायचे. सांगलीतले हळदीचे वायदे देशभर प्रसिद्ध होते. आजूबाजूच्या शेतांत मावेल त्याच्या कितीतरी पट हळद या गावात येऊ लागली, ती याच बळावर. आजही राजापुरी जातीच्या हळदीचा भाव म्हटला की व्यापारी सांगलीकडे बघतात. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या पेवांचाही वाटा आहे.

थांबता येणं, माल टिकवता येणं, ही एक गोष्ट धरून सांगली जिल्ह्याकडे पाहिलं तर एरवी एकमेकांशी संबंध नसलेले त्याचे धंदे एका ओळीत उभे राहतात. इथल्या माणसांनी संपत्ती पिकवली, तशीच ती नासू न देण्याची कलाही शोधली. आणि आज या जिल्ह्यापुढं जी संकटं आहेत, त्यांतली बरीचशी याच कलेवर येऊन आदळली आहेत.

आधी भूगोल. पश्चिमेला शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या जंगलावर पाऊस कोसळतो. वारणेवरचं ३४ टीएमसीचं धरण त्यानं भरून वाहतं. तिथून पूर्वेला निघालं तर दीडशे किलोमीटरच्या आत जत आणि आटपाडी येतात. तिथं वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधानी असतात. माणदेशाच्या या पट्ट्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख म्हणजे मेंढरं, खिल्लार बैल आणि चारा छावण्या. एकाच जिल्हाधिकाऱ्याला एकाच वर्षी एका टोकाला बोटी आणि दुसऱ्या टोकाला टँकर पाठवावे लागले, असं २०१९ मध्ये खरोखर झालं.

पण कोरडी हवाही भांडवल असू शकते. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, जत या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रस्त्याच्या कडेनं, माळावर, छप्पर असलेली पण भिंती नसलेली लांबच लांब शेड दिसतील. आत जाळीचे एकावर एक आठ-दहा थर, आणि प्रत्येक थरावर पसरलेली हिरवी द्राक्षं. ही बेदाण्याची शेड. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उरलेलं पाणी वारा घेऊन जातो.

द्राक्ष नुसतं पसरून ठेवलं तर ते लवकर वाळत नाही. मण्यावर मेणाची एक पातळ साय असते, ती पाण्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून घड आधी एका द्रावणात बुडवतात. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि इथाइल ओलिएट, ज्याला शेडवर सगळे नुसतं ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात. दोन-चार मिनिटांचं काम. मेणाची साय विस्कटते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटांनी पाणी झिरपू लागतं. एरवी तीन-चार आठवडे घेणारी गोष्ट पंधरवड्यात आटोपते, आणि सावलीत वाळल्यामुळे मणी हिरवा राहतो. याची मुळं फार जुनी आहेत. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी दोन हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल एकत्र करून त्यात द्राक्षं बुडवायचे. राखेतून पोटॅश मिळायचा, तेलातून ओलिएट. तासगावच्या शेडवर ड्रममध्ये कालवलं जातं ते त्याचंच आजचं रूप. आणि ज्या द्राक्षावर हे सगळं चालतं, त्यातलं एक वाण इथंच निवडलं गेलं: ‘तास-ए-गणेश’. ‘तास’ तासगावचा, ‘ए’ बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या आडनावाचा आणि गणेश हे तासगावचं दैवत. एका बागायतदारानं आपल्या बागेतली वेगळी वेल हेरली, जपली, वाढवली, आणि ती देशभर गेली.

बेदाणा झाला की तो शीतगृहात जातो. सांगली, तासगाव, कवठेमहांकाळच्या आसपास या शीतगृहांची रांगच लागली आहे. हिरवा रंग उष्णतेत तपकिरी होत जातो, आणि बाजारात किंमत रंगाला असते. म्हणजे शीतगृह हे आजचं पेवच झालं. फरक इतकाच की पेवाला वीज लागत नव्हती आणि याचं भाडं महिन्याला चालू असतं.

तासगावचे बेदाण्याचे सौदे एकदा बघण्यासारखे आहेत. बॉक्स फोडून माल समोर मांडलेला असतो. खरेदीदार मूठ भरतो, चोळतो, मणी दाताखाली धरतो, रंग उजेडात बघतो आणि उरलेला भिरकावून देतो. या भिरकावण्याला इथं ‘उधळण’ म्हणतात. एका सौद्यात कितीतरी किलो माल अशा मुठींमधून जमिनीवर जातो, आणि तो शेतकऱ्याचा असतो. उधळण बंद व्हावी म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं भांडत आलेत. ते अगदी बरोबर भांडतायत असं मला वाटतं. जो माल पंधरा दिवस जाळीवर राखला, महिनोन्‌महिने भाडं भरून थंडीत ठेवला, त्याची शेवटच्या पाच मिनिटांत अशी नासाडी व्हावी हे पटत नाही. दुसरी एक रीत मात्र मला फार आवडते. दिवाळीच्या आधी इथले सौदे काही आठवडे बंद ठेवतात. कारण ‘झिरो पेमेंट’. वर्षभराची सगळी देणी-घेणी शून्यावर आणायची, शेतकऱ्याचे पैसे चुकते करायचे, आणि मगच नवा सौदा. उधारीवर चालणारा बाजार दरसाल स्वतःहून थांबून हिशेब मिटवतो.

करांचा घोळही असाच बरीच वर्षं चालला. बेदाणा हा शेतमाल की प्रक्रिया केलेला माल? शेतकऱ्यानं स्वतःच्या शेडवर वाळवलेल्या मालाला जीएसटी लागतो की नाही? डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर नाही. वाळवण्याचं काम शेतीचंच आहे, हे शेडवरच्या बाईला कुणी सांगावं लागलं नसतं.

उसाचं गणित हळद-बेदाण्याच्या उलट आहे. कृष्णाकाठ म्हणजे ऊस. वसंतदादा पाटलांच्या पिढीनं उभ्या केलेल्या सहकारी कारखान्यांनी इथल्या गावांत शाळा, रस्ते, दवाखाने आणले, ते कुणी नाकारू नये. पण तोडलेला ऊस थांबत नाही. तोड झाली की तासागणिक वजन घटतं, साखर घटते. म्हणून ऊसवाला तोडीच्या टोळीची वाट बघतो, कारखान्याची वाट बघतो, पैशांची वाट बघतो. त्याचा वेळ दुसऱ्याच्या हातात असतो. हळदवाल्याचा आणि बेदाणावाल्याचा वेळ निदान अंशतः स्वतःच्या हातात असतो, आणि हा फरक मला एकरी उत्पन्नाच्या आकड्यांहून मोठा वाटतो.

अंशतः म्हणालो, कारण थांबायलाही पैसा लागतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला पेव असून काय उपयोग? जुन्या काळी पेवाचा खरा फायदा बहुतेक करून व्यापाऱ्यालाच झाला. त्यावरचा एक साधा उपाय १९९०-९१ पासून महाराष्ट्रात आहे: कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवायची, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा टक्के व्याज, मुदत १८० दिवस. गरज भागते आणि माल हातचा जात नाही. इतकी शहाणी योजना गावागावांत माहीत असायला हवी होती; बऱ्याच शेतकऱ्यांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

या जिल्ह्याची सगळ्यात अद्‌भुत गोष्ट मात्र जिल्ह्याच्या बाहेर आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसं देशभर सोनं गाळतात. केरळात, तमिळनाडूत, पंजाबात, आसामात, कुठल्याही मोठ्या सराफ कट्ट्यावर जा. मागच्या गल्लीत एखादी छोटी खोली असते, भट्टी पेटलेली असते, आणि आतला माणूस खानापूर तालुक्यातल्या विट्याजवळच्या कुठल्यातरी गावचा निघतो. याला गलाई म्हणतात. शेतं कोरडी पडली तेव्हा एकेक माणूस बाहेर पडला, काम शिकला, मग भावाला नेलं, मेव्हण्याला नेलं, गावातल्या पोराला नेलं. असं करत करत पावसानं पाठ फिरवलेल्या एका मुलखानं देशाच्या सोन्याच्या व्यवहारात आपली जागा केली.

काम काय असतं? जुना दागिना येतो. त्यात सोनं असतं, तशी चांदी आणि तांबंही. टंच काढून सोन्याचा कस ठरवायचा. मग मुशीत दागिना वितळवायचा आणि त्यात आणखी चांदी घालायची. शुद्ध करायला निघालेल्या सोन्यात मुद्दाम चांदी मिसळायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटेल. पण सोन्याचं प्रमाण एकचतुर्थांशावर आणलं नाही तर नायट्रिक आम्ल, म्हणजे तेजाब, आतपर्यंत पोचत नाही. बाहेरची चांदी विरघळते आणि आतली सोन्याच्या आड सुरक्षित राहते. प्रमाण नेमकं जमलं की तेजाब सगळी चांदी आणि तांबं विरघळवून टाकतं आणि तळाशी उरते एक मातकट, तपकिरी भुकटी. बघणाऱ्याला वाटावं, गाळ आहे. तेच शुद्ध सोनं. टाकणखार घालून पुन्हा मुशीत टाकलं की ते पिवळं होऊन झळकतं. इकडे वर उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी बुडवायची. तांबं विरघळू लागतं, पाणी निळं होतं आणि पट्टीवर चांदीचे राखाडी, लवलवते तंतू उगवतात. काहीच वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, जुन्या मुशींचे तुकडे, सगळं कुटून, धुऊन, गाळून त्यातला कण न्‌ कण काढला जातो. सातवी-आठवीत शाळा सोडलेल्या किती मुलांनी हे रसायनशास्त्र हातानं पाठ केलं, त्याची गणती कुणी ठेवलेली नाही.

या पैशातून माणदेशाच्या गावांत बंगले उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या, मंदिरं बांधली गेली, बागा लागल्या. यात्रेला गाव भरतं, एरवी कितीतरी घरांना कुलूप असतं. पण हा धंदा आता अडचणीत आहे. जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्किंग सक्तीचं झालं, ते टप्प्याटप्प्यानं जिल्ह्याजिल्ह्यात पसरलं. मोठ्या यांत्रिक शुद्धीकरण कंपन्या आल्या. टंच बघायला आता क्षकिरणांचं यंत्र असतं, ते काही सेकंदांत आकडा सांगतं. ग्राहकाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. फसवणूक कमी झाली. गल्लीतल्या भट्टीवाल्याला मात्र कागद, परवाने, प्रदूषणाचे नियम हे सगळं एकदम सामोरं आलं. आणि तेजाबाचा पिवळसर धूर वर्षानुवर्षं छातीत घेतलेल्या माणसांची तब्येत हा तर कधी चर्चेचाच विषय झाला नाही.

पेवांचं काय झालं, तेही सांगायला हवं. सांगलीत कृष्णेवर १९२९ मध्ये खुला झालेला आयर्विन पूल आहे. पुराची पातळी तिथं मोजतात. ४५ फूट ही धोक्याची रेषा. जुलै-ऑगस्ट २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या पेवांत पाणी शिरलं. जी माती ओल आत येऊ देत नव्हती, तिच्यावर दिवसेंदिवस नदीच उभी राहिली. कोट्यवधींची हळद आतल्या आत कुजली आणि त्यानंतर पेवांवरचा विश्वास उठला. माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. २०१९ मध्ये पाणी आणखी वर, ५७ फुटांवर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा महापूर. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली एक साठवण पद्धत एका पुरात जवळपास संपली, कारण ती ज्या नदीला ओळखत होती ती नदी बदलली. अवकाळी पावसाचं भयही तसंच. बेदाणा जाळीवर असताना मार्चमध्ये दोन दिवस ढग आले तरी मणी काळा पडतो.

पूर्वेकडे उलटी गोष्ट घडते आहे: पाणी येतं आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवत आटपाडीच्या माळापर्यंत नेलं जातं. म्हैसाळ योजनेचं पाणी जतकडे जातं. ज्या ओढ्यांत चार महिनेही पाणी नसायचं ते वाहताना बघून म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय. पण हे पाणी विजेवर चढतं. बिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलतं, १९ टक्के शेतकऱ्यांनी द्यायचा. इतकं महागाचं पाणी उसाला द्यायचं का, हा आज माणदेशापुढचा सगळ्यात मोठा आर्थिक प्रश्न आहे. आटपाडी तालुक्यात श्रमिक मुक्ती दल या संघटनेनं समन्यायी वाटपाचा आग्रह धरला: उघड्या कालव्याऐवजी बंद नळ, आणि प्रत्येक कुटुंबाला हिस्सा. मला ती दिशा योग्य वाटते. डाळिंब, द्राक्ष, बेदाणा यांची सगळी करामत कोरड्या हवेवर उभी आहे. माळावर ऊस पसरला तर पाणी तर संपेलच, शिवाय जी कोरडी जमीन जपून वापरल्यामुळे हा मुलूख कमावता झाला तिचाच वापर बदलेल.

आणि गलाईवाल्यांसाठी एक वाट मला दिसते, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एक टन चांगल्या खनिजातून पाच-दहा ग्रॅम सोनं मिळालं तरी खाण परवडते; एक टन जुन्या मोबाइलमधून दोनशे-तीनशे ग्रॅम निघू शकतं. आपल्या देशात असे मोबाइल, संगणक, सर्किट बोर्ड डोंगरांनी साठताहेत, आणि बरेचसे उघड्यावर जाळून, उघड्या तेजाबात बुडवून फोडले जातात. कचऱ्यातून कण शोधण्याची नजर, वितळवण्याचा हात आणि आम्लाची ओळख ज्या माणसांकडे पिढ्यांची आहे, ती विट्याच्या आसपास राहतात किंवा दिवाळीला तिथं परततात. त्यांना लागेल ते असं: धूर धरून ठेवणाऱ्या बंदिस्त भट्ट्या, सांडपाणी शुद्ध करणारं एक सामाईक केंद्र, सोप्या परवान्यांची एक खिडकी आणि हाताला येणाऱ्या विद्येला कागदावरची मान्यता देणारा एक छोटा अभ्यासक्रम. विट्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादी जागा यासाठी राखून ठेवता येईल. यंत्रमाग तिथं आधीच चालतात. वीज आहे, रस्ता आहे, माणसं आहेत. पुढच्या यात्रेला गावं भरतील तेव्हा त्या कुलूप उघडलेल्या घरांत बसून हा हिशेब मांडायला काहीच हरकत नाही.